पाजताना दुखतंय? सोसू नका, दाखवा

वाटूर हे परतूर तालुक्यातलं, जालना-मंठा रस्त्यावरचं गाव. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. या भागात लेकीचं पहिलं बाळंतपण बहुधा माहेरीच होतं. आई, आजी, चुलती अशा जाणत्या बायका बाळंतिणीच्या दिमतीला असतात. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल-पाणी, कशातच कसूर होत नाही. तरी या सगळ्या गोतावळ्यात एक दुखणं न बोललेलंच राहतं. लेकरू अंगावर घेतलं की कळ मस्तकात जाते, बोंडशीला चीर पडलेली असते, थान टणक झालेलं असतं आणि पदराआड ओठ दाबून पाजणं चालू असतं. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: 'पहिल्यांदा सगळ्यांनाच दुखतं.'

हे उत्तर अर्धंच खरं आहे. पहिल्या आठवड्यात लेकरानं तोंड लावल्यावर काही सेकंद ओढल्यासारखं, चुरचुरल्यासारखं होणं नेहमीचं. ते हळूहळू कमी होत जातं. पण पूर्ण वेळ दुखत राहणं, चीर पडणं, रक्त येणं, पुढच्या वेळी पाजायची धास्ती वाटणं, यातलं काहीही 'असतंच' म्हणून सोडून देण्याजोगं नाही. त्याला कारण असतं, आणि बहुतेक कारणं घरच्या घरी किंवा जवळच्या दवाखान्यात दूर होतात.

हा त्रास किती बायकांना होतो, याची एक भक्कम नोंद महाराष्ट्रातच झाली आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांत 772 बायकांचं बाळंतपण आणि त्यानंतरचे दिवस घरी जाऊन नोंदवले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतरच्या तक्रारींमध्ये स्तनांचा त्रास सगळ्यात वर होता, 18.4 टक्के. म्हणजे दर पाच-सहा बायकांमागे एक. अंगावरून जास्त जाणं आणि जननमार्गातला जंतुसंसर्ग हे दोन्ही त्याच्या खाली होते. दवाखान्यात बसून हा आकडा कळला नसता. घरात शिरून विचारलं, म्हणून कळला.

आधी पकड बघा

दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लेकराची चुकलेली पकड. दूध बोंडशीत नसतं, तिच्या मागे असतं. लेकरानं बोंडशीभोवतीचा काळसर भागही तोंडात घेतला, तर बोंडशी त्याच्या टाळ्याच्या मऊ भागापर्यंत पोचते आणि तिथं तिला काही इजा होत नाही. नुसती बोंडशीच तोंडात राहिली, तर ती हिरडी आणि कडक टाळ्यामध्ये चेंगरते. आईला कळा येतात, लेकराला दूध कमी मिळतं, ते रडतं, पुन्हा पाजलं जातं, पुन्हा चेंगरतं. दोन दिवसांत चीर पडायला एवढं पुरतं.

म्हणून सुरुवात बसण्यापासून करावी. बाजेवर किंवा जमिनीवर भिंतीला पाठ टेकवून बसावं, मांडीवर गोधडीची घडी ठेवावी आणि लेकरू छातीच्या उंचीला आणावं. आईनं लेकराकडे वाकू नये, लेकराला आपल्याकडे आणावं. वाकून पाजणाऱ्या बाईची पाठ आणि खांदे आठवड्यात भरून येतात, आणि थान लेकराच्या तोंडातून सारखं निसटत राहतं.

लेकराचं पोट आईच्या पोटाला लागलेलं असावं; कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. अनेक घरांत लेकरू मांडीवर उताणं असतं आणि फक्त त्याची मान थानाकडे वळवलेली असते. मान एका बाजूला वळवून घोटभर पाणी गिळून बघितलं की त्याची अडचण समजते. उजव्या बाजूला पाजायचं असेल तर डाव्या हातानं लेकराला धरावं. तळहात त्याच्या पाठीवर आणि बोटं मानेला, कानांच्या मागे. डोकं मागून दाबू नये, दाबलं की लेकरू उलट मागे रेटतं. उजव्या हातानं थान खालून आधार देऊन धरावं. दोन बोटांच्या कात्रीत बोंडशी पकडायची सवय मोडावी, कारण ती बोटं नेमका तोच भाग अडवतात जो लेकराच्या तोंडात जायला हवा.

आता बोंडशी लेकराच्या नाकासमोर आणून वरच्या ओठाला हलकेच लावावी आणि थांबावं. ही थांबण्याची जागा सगळ्यात महत्त्वाची. लेकरू जांभईसारखं मोठं तोंड उघडेल, तेव्हा चटकन त्याला जवळ ओढावं, हनुवटी आधी टेकेल असं. पकड जमली की हनुवटी थानात रुतलेली दिसते, नाक मोकळं असतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो, गाल भरलेले राहतात आणि थोड्या वेळानं गिळण्याचा आवाज येतो. चक-चक असा आवाज, गालाला पडणारी खळी आणि टोचल्यासारखं दुखणं म्हणजे पकड फसली. मग ओढून सोडवू नये. स्वच्छ करंगळी लेकराच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवावी, ओढ सुटते. आणि पुन्हा लावावं. पाच वेळा लावावं लागलं तरी चालेल. लेकरानं सोडल्यावर बोंडशी गोल असायला हवी. ती चपटी, तिरकी किंवा टोकाला पांढरी पडलेली दिसली, तर बाईला दुखलं नसलं तरी पकड सुधारायची आहे.

सिझर झालेल्या बाईनं कुशीवर झोपून किंवा लेकराला काखेखाली, त्याचे पाय आपल्या पाठीकडे करून पाजावं. टाक्यांवर भार येत नाही. सिझर झालं म्हणून दूध येत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. लवकर आणि वारंवार पाजलं की तिथंही दूध येतंच.

हे वाचून जेवढं कळतं, त्यापेक्षा बघून जास्त कळतं. आयआयटी मुंबईशी संबंधित बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाजण्याच्या पद्धतीवर बारीक तपशिलासह 'स्पोकन ट्युटोरियल' तयार केली आहेत. ती मराठीतही आहेत आणि मोबाईलवर फुकट बघता येतात. आठव्या-नवव्या महिन्यातच ती गरोदर बाईनं आणि तिच्या आई-सासूनं सोबत बसून बघावीत. लेकरू रडायला लागल्यावर शिकणं फार कठीण जातं.

चीर पडलीच असेल तर पाजणं झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन-चार थेंब बोंडशीला लावून ते हवेवर वाळू द्यावेत. दर वेळी साबणानं धुऊ नये, त्यानं कातडीचा नैसर्गिक तेलकटपणा जातो आणि चीर वाढते. रोजच्या आंघोळीचं पाणी पुरतं. दवाखान्यातून लॅनोलिनचं मलम मिळालं तर लावावं. ज्या बाजूला कमी दुखतं तिथून पाजायला सुरुवात करावी. पकड न सुधारता नुसतं मलम लावत राहिलं, तर चीर भरत नाही.

बोंडशी आत गेलेली किंवा सपाट असेल तरी घाबरायचं कारण नाही, कारण लेकरू काळसर भाग धरतं. थोडी मदत म्हणून आपल्याकडच्या दवाखान्यांत सिरिंजची पद्धत शिकवतात. 10 किंवा 20 मिलिलिटरच्या नव्या सिरिंजचं सुई लावायचं टोक कापतात, दट्ट्या कापलेल्या बाजूनं घालतात आणि गुळगुळीत बाजू बोंडशीवर ठेवून पाजण्याआधी हलकेच ओढतात. हे पहिल्यांदा सिस्टरांकडून करून घ्यावं, मग घरी करावं.

थान दाटलं तर

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध एकदम वाढतं. नेमके हेच दिवस पाचवीच्या पूजेच्या गडबडीचे. लेकरू पाहुण्यांच्या हातात, बाळंतीण पाजायला संकोचते, वेळा चुकतात आणि थान भरून टणक, चकाकणारं, ठणकणारं होतं. याच्या जोडीला पहिले दोन-तीन दिवस लेकराला मध, गुळाचं पाणी किंवा वरचं दूध चाटवलं असेल, तर भुकेलं नसलेलं लेकरू थान रिकामं करत नाही. लेकराच्या पोटासाठी तर हे घातक आहेच (मधातून एका वर्षाच्या आतल्या बाळांना विषबाधेचा गंभीर आजार होऊ शकतो), पण त्याची शिक्षा आईच्या छातीलाही होते, हे फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी लेकराच्या पोटात एका वेळी चमचाभर दूध मावतं. चीक तेवढाच येतो आणि तेवढा पुरतो.

दाटलेलं थान इतकं ताठ असतं की लेकराला काळसर भाग तोंडात धरताच येत नाही. तिथं एक सोपी युक्ती आहे. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं बोंडशीभोवती ठेवून मिनिटभर छातीच्या दिशेनं हळू दाबून धरायचं. सूज मागे सरकते, काळसर भाग मऊ पडतो आणि लेकरू पकड घेतं. तरीही जमलं नाही तर थोडं दूध हातानं काढून मग पाजावं. अंगठा वर आणि बोटं खाली, बोंडशीपासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवावीत. आधी बरगड्यांकडे दाबावं, मग बोटं एकमेकांकडे दाबून सोडावीत. कातडीवरून बोटं घासत पुढं ओढायची नाहीत.

शेगडीच्या शेकाबद्दल इथं स्पष्ट बोललं पाहिजे. पाजण्याआधी दोन-चार मिनिटं कोमट ओल्या फडक्यानं शेकलं तर दूध सुटायला मदत होते. पण दाटलेल्या थानाला बराच वेळ कडक शेक दिला की सूज वाढते, कातडी भाजण्याची भीतीही असते. पाजून झाल्यावर गार पाण्यात पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवावं, ठणका उतरतो. गाठ मोडायची म्हणून जोरजोरात रगडणंही थांबवलं पाहिजे. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2022 मध्ये आपली जुनी शिफारस बदलली: खोल मालिश नको, कारण तिनं आतल्या बारीक नळ्या आणि पेशींना इजा होऊन सूज आणखी वाढते. थान सतत पिळून कोरडं करत राहणंही नको, त्यानं दूध उलट जास्त तयार होतं. लेकरू मागेल तसं, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं, एवढं पुरतं. आणि घट्ट ब्लाऊज बाजूला ठेवावा. त्याची शिवण किंवा काठ एकाच जागी रुतत राहिला तरी तिथं दूध साकळतं.

ताप आला की वाट बघायची नाही

थानाचा एखादा भाग लाल, गरम, दुखरा होतो आणि पाठोपाठ हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं. या दुखण्याला वैद्यकीय भाषेत स्तनदाह म्हणतात. गावात याचा अर्थ कधी थंडीताप लावला जातो, कधी नजर. मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात, दोन दिवस जातात.

म्हशीला दगडी झाली, कास सुजली, तर याच घरातला शेतकरी संध्याकाळ होऊ देत नाही, जनावरांच्या डॉक्टरला फोन लावतो. कासेत दूध तुंबू द्यायचं नाही, हेही त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तीच घाई घरातल्या बाळंतिणीसाठी करायला हवी. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही हा नेम इथं मोडावाच लागेल.

स्तनदाहात पाजणं थांबवायचं नाही. हे दूध नासलेलं, विषारी नसतं. लेकराला त्यानं अपाय होत नाही. चव थोडी खारट झाल्यामुळं ते कुरकुर करेल, इतकंच. पाजणं अचानक बंद केलं तर दूध तुंबून गळू होण्याचा धोका वाढतो. ताप आणि ठणक्यासाठी पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालतं. पोटभर पाणी, विश्रांती, गार फडकं यांनी एका दिवसात उतार पडला नाही, किंवा सुरुवातीपासूनच ताप जोराचा आणि बोंडशीला चीर असेल, तर डॉक्टरांकडून प्रतिजैविकाची गोळी लागते. ती पाजणाऱ्या आईला चालणारीच देतात, आणि बरं वाटलं तरी ठरलेले दिवस पूर्ण घ्यायची असते. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून भागवलं तर दुखणं उलटतं.

गोळ्या चालू असूनही गाठ कायम राहिली, मऊ पडून आत पू असल्यासारखं वाटू लागलं, तर ते गळू. त्यासाठी परतूर किंवा जालन्याला जाऊन सोनोग्राफी करून घ्यावी. आता बऱ्याचदा सुईनं पू काढून काम भागतं, मोठी चीर द्यावी लागत नाही. घरी ब्लेड, सुई, पोटीस यांतलं काहीही करू नये. गळवावर उपचार चालू असताना दुसऱ्या बाजूला पाजता येतं, आणि पुष्कळदा त्याच बाजूलाही. डॉक्टरांना तसं विचारावं.

पाजत राहण्याच्या या नियमाला एक अपवाद आहे. आई एचआयव्हीबाधित असेल आणि बोंडशीला रक्ताळलेली चीर किंवा स्तनदाह झाला असेल, तर त्या बाजूचं दूध काढून टाकावं, दुसऱ्या बाजूला पाजावं आणि लगेच एआरटी केंद्राचा सल्ला घ्यावा.

बाकीची दुखणी थोडक्यात. पाजून झाल्यावरही बोंडशीत आग होत राहिली आणि लेकराच्या जिभेवर, गालाच्या आत पुसून न निघणारा पांढरा थर दिसला, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. औषध आई आणि लेकरू दोघांनाही लागतं. बोंडशी पांढरी-निळी पडून थंडीत कळा मारत असेल, तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात; ऊब द्यावी. पकड वारंवार फसत असेल तर लेकराची जीभ खालून बांधलेली आहे का, हे बालरोगतज्ज्ञांकडून बघून घ्यावं. कुठलीही गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर ती दुधाची असेल असं गृहीत न धरता तपासावी.

'दूध पुरत नाही' आणि पावडरचा डबा

दुखणाऱ्या बाईच्या घरात चौथ्या-पाचव्या दिवशी हे वाक्य येतंच. दुखतं म्हणून पाजणं कमी होतं, पाजणं कमी झालं की दूध कमी होतं, आणि मग डबा आणि बाटली येते. म्हणून आधी मोजून बघावं. पाचव्या दिवसानंतर लेकरू दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं असेल आणि पुढं महिन्याला निदान अर्धा किलो भरत असेल, तर दूध पुरतंय. नुसतं रडणं हा पुरावा नव्हे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा 42 अंशांवर असतानाही, सहा महिन्यांपर्यंत लेकराला वेगळं पाणी लागत नाही. आईच्या दुधात जवळपास 87 टक्के पाणीच असतं. पाणी आईला द्यावं. बाळंतिणीचं पाणी तोडायची रीत सोडून द्यावी. मिश्री आणि तंबाखूही बंद करावी, निकोटिन दुधात उतरतं.

दोन वर्षांखालच्या बाळांसाठी पावडरच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करायला भारतात 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. दवाखान्यात किंवा दुकानात कुणी नमुना हातावर ठेवत असेल, तर तो घेऊ नये.

शेतात आणि कोयत्यावर जाणाऱ्या बाईचं दुखणं वेगळं. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी निघालेली बाई दुपारी परतते तेव्हा ब्लाऊज ओला आणि थान ठणकत असतं. लेकरू झोळीत सोबत असेल तर उत्तम, दर दोन-तीन तासांनी सावलीत बसून पाजावं. घरी ठेवलं असेल तर निघताना पाजावं, वाटीत दूध काढून ठेवावं आणि रानातही दर तीन तासांनी थोडं हातानं काढावं. काढलेलं दूध झाकून सावलीत, गार जागी चार तासांच्या आत वापरावं, कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. फ्रीजमध्ये 24 तास चालतं. पाजायला स्वच्छ वाटी-चमचा किंवा उकळून घेतलेलं बोंडलं वापरावं, बाटली नको. दिवाळीच्या आगेमागे उसाच्या फडात जाणाऱ्या टोळीतल्या ओल्या बाळंतिणीला मुकादमानं आणि घरच्यांनी दिवसातून दोन-तीनदा पाजायची मोकळीक दिलीच पाहिजे. यात सवलत कसली? ती आजारी पडली तर नवरा-बायकोचा कोयता अर्धाच राहतो, हे तरी त्यांना कळेल.

आणखी एका बाईबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. जिचं लेकरू राहिलं नाही, तिलाही तिसऱ्या दिवशी पान्हा फुटतो. तिचं थान घट्ट बांधून ठेवू नये. आधार देणारा सैल नसलेला ब्लाऊज, गार फडकं, पॅरासिटामॉल आणि फार ताण आला तर आराम पडेल इतकंच दूध काढणं. आठ-दहा दिवसांत दूध ओसरू लागतं. दूध थांबवायची गोळीही असते, ती डॉक्टरांना विचारून. तिच्या तापाकडे, गाठीकडे लक्ष द्यायला घरात कुणीतरी नेमून ठेवावं, कारण ती स्वतः सांगणार नाही.

ज्या लेकरांना आईचं दूध काही कारणानं मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. काचेच्या पेटीत ठेवलेल्या कमी वजनाच्या लेकराच्या नातेवाइकांनी डबा आणण्याआधी जवळच्या मोठ्या रुग्णालयात अशी सोय आहे का, हे विचारावं.

मदत दारापर्यंत येते, ती वापरावी. गडचिरोलीतल्या कामावरूनच पुढं देशभर नवजात बाळाच्या घरभेटींची योजना उभी राहिली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. विटाळ पाळणाऱ्या घरात तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं जातं, आणि दुखणं सुरू होतं ते याच दिवसांत. तसं करू नका. त्यांना आत बोलवा, पुरुषमाणसांनी थोडा वेळ बाहेर थांबावं आणि लेकराचं वजन झाल्यावर त्यांना सांगावं: 'ताई, ही पाजताना एकदा शेजारी बसून बघा.' ताप, लाल झालेलं थान किंवा पू दिसला तर त्यांच्या पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं. बाळंतिणीसाठी 102 ची गाडी फुकट आहे, आणि प्रकृती जास्तच बिघडली तर 108.